लिनक्स टाकलं आणि नेट बंद पडलं: साडेपंचवीस तासांचा शोध

शनिवारी दुपारी सव्वादोनला माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक मोफत सिस्टीम, बसून तयार झालं, आणि रविवारी दुपारी पावणेचारला त्यावर वायरच्या नेटवरून पहिलं पान उघडलं. मधले साडेपंचवीस तास कुठे गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारखं जुनं मशीन आणि गल्लीतल्या केबलवाल्यांचं कनेक्शन असलेले पुष्कळजण आता हाच बदल करत आहेत. त्यांचा एखादा दिवस जरी वाचला तरी बरं.

मी कोल्हापुरात घरून डीटीपी आणि मुद्रितशोधनाचं काम करते. मशीन २०१६ साली असेंबल करून घेतलेलं, प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा. अजूनही उत्तम चालतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. चालतं मशीन भंगारात काढायचं मला पटेना. ऑक्टोबरात दिवाळी अंकांची घाई होती, तेव्हा हात लावला नाही. नोव्हेंबरात एक नवी एसएसडी घेतली आणि तिच्यावर मिंट २२.२ टाकायचं ठरवलं. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच ठेवली, कारण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या माझ्या कितीतरी फायली तिथल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

मिंट बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. तसं मी पाहिलंही. मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो का, प्रिंटर ओळखतो का, सगळं तपासलं. नेट तेवढं तपासलं नाही. वायर लावलेली आहे, रोज चालतं आहे, म्हणजे चालणारच असं मी धरून चालले. पुढचं सगळं त्या एका गृहीतावरून झालं. सोमवारी सकाळी पुण्याच्या प्रकाशकांना १६८ पानांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ जायचं होतं.

बसवून झालं, मशीन पुन्हा सुरू झालं, खाली उजव्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावर फुली. उघडून बघितलं तर केबलच जोडलेली नाही असं म्हणत होतं. केबल तर जोडलेली होती.

आमच्याकडे फायबर भिंतीतून आत येते आणि कपाटावर ठेवलेल्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे ओएनयूत जाते. तिथून पॅच कॉर्ड थेट सीपीयूला. मध्ये राउटर नाही, वाय-फाय नाही. स्टुलावर चढून डब्यावरचे दिवे पाहिले. पॉवर चालू. पॉन, म्हणजे फायबरच्या जोडणीचा दिवा, हिरवा, स्थिर. एलओएस बंद, म्हणजे बाहेरून येणारा उजेड नीट पोचतोय, फायबर तुटलेली नाही. पण लॅनचा, म्हणजे कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीचा दिवा विझलेला. खाली येऊन मोबाइलच्या टॉर्चनं सीपीयूच्या मागचं पोर्ट पाहिलं. तिथे दोन बारीक दिवे असतात, एक हिरवा, एक केशरी. दोन्ही काळे.

हे दिवे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी पाहायला हवेत हे मी आता कुणालाही सांगेन. दोन टोकांना विजेची ओळख पटली, वायर सलग आहे, एवढं ते दोन दिवे सांगतात. ते पेटत नाहीत तोवर आयपी अ‍ॅड्रेस, पासवर्ड, ब्राउझर यांपैकी कशालाही हात लावण्यात अर्थ नसतो.

केबल काढून लावली. पिनची प्लास्टिकची खाच एका बाजूनं झिजली होती, म्हणून संशय तिच्यावर गेला. ड्रॉवरमधली दुसरी पॅच कॉर्ड लावली. तेच. मग शेजारच्या काकूंच्या मुलाला हाक मारली, तो पॉलिटेक्निकला आहे आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट आहे. त्याच्या लॅपटॉपला तीच वायर लावल्याबरोबर डब्यावरचा लॅनचा दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे डबा बरोबर, वायर बरोबर. नेट मात्र त्याच्या लॅपटॉपवर चाललं नाही, आणि ते चालणारही नव्हतं, कारण आमचे केबलवाले ग्राहकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. दुसरं मशीन लावलं की दार बंद.

"ताई, तुमचं कार्ड गेलं असणार," तो म्हणाला.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. खात्री करायला मशीन बंद करून जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू केलं, तर मागचे दोन्ही दिवे लखकन पेटले आणि नेट सुरू. प्रूफ त्याच वेळी पाठवता आलं असतं, पण ती फाइल मी मिंटवर पूर्ण करायची म्हणून नव्या डिस्कवर घेतली होती आणि अजून तिच्यात दोन प्रकरणं व्हायची होती. विंडोज बंद केलं, मिंट सुरू केलं. दिवे गायब.

या ठिकाणी बहुतेक लोक लिनक्स काढून टाकतात. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालत नाही, म्हणजे दोष लिनक्सचा, हा हिशोब सरळ वाटतो. मला राहून राहून वाटत होतं की कार्ड जिवंत आहे, वायर जिवंत आहे, मग मधलं काहीतरी आपल्याला दिसत नाहीये.

नेट नसताना नेटचं दुखणं शोधायचं कसं, तर मोबाइलवरून. फोन यूएसबी वायरनं सीपीयूला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट वायरीतून मशीनला देण्याची सोय, चालू केलं. मिंटनं काही न विचारता ते नवं कनेक्शन म्हणून घेतलं आणि नेट सुरू झालं. हा उपाय कामाचा आहेच, शिवाय त्यातून निदानही होतं: ब्राउझर ठीक, सिस्टीमचा नेटवर्कचा भाग ठीक, दुखणं फक्त त्या एका पोर्टापाशी आहे.

मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडलं. बोर्डावरच्या उपकरणांची यादी मागवली, तर नेटवर्क कार्ड त्यात व्यवस्थित होतं, रिअलटेक ८१११. भारतातल्या असेंबल मशीनमध्ये दहातल्या पाच-सहा वेळा हीच चिप असेल असं मी माझ्या पाहण्यातल्या मशीनवरून म्हणेन. त्याच्यापुढे कोणता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वापरात आहे तेही लिहिलं होतं, आर८१६९. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. कार्डाला मिंटनं नाव दिलं होतं ईएनपी३एस०. पूर्वी लिनक्समध्ये सरळ इथ-शून्य असायचं. आता नाव कार्डाच्या जागेवरून ठरतं, तिसरी बस, शून्यावा स्लॉट, म्हणून हे लांबलचक. त्या नावापुढे शेरा होता: नो कॅरिअर. कार्ड दिसतंय, ड्रायव्हर लागलाय, वायरीवर मात्र जीव नाही.

यूट्यूबवर एकानं आर८१६९ काढून रिअलटेकचा आर८१६८ हा दुसरा ड्रायव्हर टाकायला सांगितलं होतं. मी थांबले. काही मशीनवर त्याची गरज पडते हे खरं, पण माझ्याकडे ड्रायव्हर लागलेला दिसत होता, त्यानं एकही चूक नोंदवली नव्हती, लाइन बंद आहे एवढंच तो सांगत होता. जो खरं सांगतोय त्यालाच आधी का बदलायचं?

धागा मिळाला तो भलत्याच ठिकाणी. पुस्तकाची एक जुनी आकृती हवी होती म्हणून मिंटमधून विंडोजची डिस्क उघडली. फायली दिसल्या, उघडल्या, पण त्या डिस्कवर काही साठवता येईना. सांगत होतं की ही डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आहे, कारण विंडोज तिच्यावरचं काम अर्धवट ठेवून गेलं आहे. मी तर विंडोज रीतसर शट डाउन केलं होतं.

तिथे लक्षात आलं की विंडोज १० मध्ये शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप नावाची सोय मुळातच चालू असते. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून सिस्टीमचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो. डिस्क जर अशी अर्धवट अवस्थेत राहते, तर कार्डाचं काय होत असेल? त्या दिशेनं वाचायला लागल्यावर अर्ध्या तासात उत्तर सापडलं, आणि ते बरंच जुनं, माहीत असलेलं दुखणं निघालं. रिअलटेकच्या या चिपा असलेल्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी असले की हे होतं. रिअलटेकचा विंडोजचा ड्रायव्हर, त्यातली शट डाउन वेक-ऑन-लॅन (बंद मशीन नेटवरून जागं करण्याची) ही सोय बंद असेल तर, मशीन बंद होताना कार्डाचा जीवही काढून घेतो. विंडोज पुन्हा सुरू झालं की तोच त्याला उठवतो. लिनक्सच्या हातात कार्ड येतं ते झोपलेलं.

मशीन बंद असताना कार्ड झोपलेलं राहतं कसं, त्याची मूळ स्थिती परत का येत नाही, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर पॉवर सप्लायमध्ये आहे. समोरचं बटण दाबून सीपीयू बंद केला तरी मागे वीज लागलेली असेपर्यंत सप्लाय बोर्डाला पाच व्होल्टची एक बारीक लाइन देत राहतो. नेटवरून मशीन जागं करता यावं म्हणून कार्ड त्या लाइनवर असतं. त्यामुळे आपण बंद केलं असं म्हणतो तेव्हाही कार्डाची आठवण पुसली जात नाही.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. मिंट बंद केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि तेवढ्यावर न थांबता सीपीयूच्या मागची जाड वायरच उपसून काढली. मग समोरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं, आत साठलेली वीज निघून जावी म्हणून. बोर्डावर एक हिरवा दिवा असतो, कॅबिनेटच्या जाळीतून दिसतो, तो हळूहळू मंद होत विझला. मिनिटभर थांबून वायर लावली आणि मशीन सुरू केलं. मी समोर बसलेच नाही, टॉर्च घेऊन मागेच वाकून होते. मिंटचं चिन्ह पडद्यावर आलं असेल नसेल, पोर्टावरचा हिरवा दिवा पेटला आणि मागोमाग केशरी फडफडायला लागला. आई जेवायला हाका मारत होती, तिला ओढत आणून दाखवला. तिनं विचारलं, "नेट आलं?"

आलं नव्हतं. नेटवर्कच्या चिन्हाभोवती चक्र फिरत राहिलं. पाऊण मिनिटानं थकून थांबलं, जोडणी झाली नाही म्हणालं, पुन्हा फिरायला लागलं. वायरीवर जीव होता, पण पत्ता देणारं कुणी पलीकडे नव्हतं. मिंट आपल्या रीतीनं डीएचसीपीनं, म्हणजे पत्ता आपोआप मिळवायच्या नेहमीच्या पद्धतीनं, आयपी अ‍ॅड्रेस मागत होतं. घरात राउटर असता तर त्यानं दिला असता. आमच्या डब्याचं काम फक्त फायबरवरचं वायरीवर आणण्याचं, तो स्वतः काही देत नाही.

झोपायला गेल्यावर आठवलं. रोज सकाळी विंडोज सुरू झालं की डाव्या बाजूला एक छोटी खिडकी उघडायची आणि वाचायच्या आत मिटायची. गेली सात वर्षं ती मी पाहत होते आणि ती काय आहे असं कधी विचारलं नव्हतं. ते डायलर होतं. २०१८ साली कनेक्शन देताना केबलवाल्यांच्या मुलानं विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन तयार करून, त्यात यूजरनेम-पासवर्ड भरून, ते आपोआप लागेल अशी व्यवस्था केली होती. तो गेला, आणि ती माहिती फक्त विंडोजच्या पोटात राहिली.

याला पीपीपीओई म्हणतात. १९९९ सालापासूनची पद्धत आहे. डायल-अपच्या काळातलं यूजरनेम-पासवर्ड देऊन लाइन उघडायचं तंत्र, तेच इथरनेटच्या वायरीवर आणलं. तुमचं मशीन आधी वायरीवर हाळी देतं, कुणी आहे का? केबलवाल्यांचा सर्व्हर म्हणतो, मी आहे. मशीन म्हणतं, मग मला घ्या. सर्व्हर एक सेशन नंबर देतो. मग ओळखीची तपासणी होते आणि सगळ्यात शेवटी आयपी अ‍ॅड्रेस मिळतो. हाळी न देता मिंट रात्रभर नुसतं दारात उभं राहिलं असतं.

रविवारी सकाळी विंडोज सुरू करून दोन कामं केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज, तिथे अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत शट डाउन वेक-ऑन-लॅन चालू केलं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. त्यानंतर आजवर एकदाही मागची वायर उपसावी लागलेली नाही आणि विंडोजची डिस्कही मिंटमध्ये लिहिण्यासाठी उघडते. दुसरं काम, डायलर उघडून यूजरनेम वहीत उतरवून घेतलं. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके. पहिल्या पावतीमागे बॉलपेननं लिहिलेला होता असं आठवत होतं, ती पावती शोधण्यात तास गेला, सापडली नाही. आणि मी कागद चाळत असतानाच, साडेबाराला, गल्लीतली वीज गेली. विंडोज नेटसकट चालू होतं, ते तसंच धाडकन बंद पडलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

एक वाजता केबलवाल्यांना फोन लावला. रविवार असून उचलला.

"ताई, मशीन बदललं काय?"

"नाही ओ, मशीन तेच. विंडोजच्या जागी लिनक्स टाकलंय. पासवर्ड पाहिजे होता."

"मशीन तेच असंल तर काय अडचण न्हाई, मॅक तोच राहतोय. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप करतो बघा."

मिंटमध्ये नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन नवं कनेक्शन जोडताना प्रकार विचारतात, त्यात डीएसएल म्हणजेच पीपीपीओई असा पर्याय असतो. आपल्याकडे फायबर आहे, डीएसएल नाही, म्हणून पुष्कळजण तो ओलांडून पुढे जातात. तोच घ्यायचा. कार्ड म्हणून ईएनपी३एस० निवडलं, यूजरनेम, पासवर्ड भरला, सर्व्हिसची जागा रिकामी सोडली. लहान-मोठी अक्षरं जशी लिहून दिली तशीच टाकायची, तिथे फरक चालत नाही. वीज परत आलीच होती. जोडा म्हटलं. चक्र फिरलं आणि पडलं. तीनदा केलं, तीनदा तेच.

पडद्यावर नुसतं जोडणी झाली नाही एवढंच येतं. खरी हकीकत सिस्टीमच्या नोंदवहीत असते. ती उघडून शेवटच्या वीसेक ओळी वाचल्या. हाळीला उत्तर आलेलं होतं. सेशन नंबर मिळाला होता. ओळखीच्या तपासणीत नकार होता. या तीन गोष्टी वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या टेबलापासून केबलवाल्यांच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता पूर्ण खुला होता. हाळीलाच उत्तर नसतं तर पुन्हा वायर आणि डबा बघायला लागला असता. आता प्रश्न पासवर्डाचा किंवा त्यांच्या खात्याचा, एवढाच उरला होता.

पासवर्ड अक्षर न अक्षर पुन्हा पाहिला, मग परत फोन.

"थांबा हं, बघतो... तुमचा सेशन तर लाइव्हच दाखवतोय की, ताई! सकाळपासनं लॉगिन हाय."

साडेबाराला वीज गेली तेव्हा विंडोजनं निरोप घेतलाच नव्हता. त्यांच्या यादीत मी अजून आत होते, आणि एका नावावर एकालाच प्रवेश. आत असलेली मीच बाहेरच्या मला अडवत होते.

"किक करतो. पाच मिनटानं लावा."

पाच मिनिटांनी लावलं आणि लागलं. आयपी अ‍ॅड्रेस मिळाला, १०० नं सुरू होणारा. हा पत्ता माझ्या एकटीचा नसतो, केबलवाले अनेक ग्राहकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात, त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा गट राखून ठेवलेला आहे. ब्राउझर उघडला, पत्ता टाइप केला. पान उघडेना.

खरं सांगते, तेव्हा हात गळाले. दिवा आहे, सेशन आहे, पत्ता आहे, आणि पान नाही. चहा केला. मग टर्मिनलमध्ये ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते पाहिलं. उत्तरं येत होती, एकामागून एक. मग एका संकेतस्थळाच्या नावानं पिंग केलं, तर असं नावच माहीत नाही म्हणालं. इतकं स्वच्छ निदान क्वचित मिळतं. आकड्यांनी जाता येतं, नावांनी जाता येत नाही, म्हणजे नावाचा आकडा सांगणारा डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाही. केबलवाल्यांनी कनेक्शनबरोबर आपल्या दोन डीएनएस सर्व्हरचे पत्ते दिले होते, आणि दोन्ही गप्प.

मग विंडोजवर सात वर्षं कसं चाललं? त्याचाही छडा मी नंतर लावला. त्याच मुलानं तेव्हाच विंडोजमध्ये डीएनएस हातानं भरून ठेवले होते, ८.८.८.८ आणि ८.८.४.४, गूगलचे. त्यामुळे केबलवाल्यांचे स्वतःचे सर्व्हर चालतात की नाही हे मला कधी कळायचं कारणच पडलं नाही.

मिंटमध्ये त्याच कनेक्शनच्या आयपीव्ही४ च्या पानावर पद्धत बदलून पीपीपीओईकडून फक्त अ‍ॅड्रेस घ्यायचा असा पर्याय निवडला आणि डीएनएसच्या जागी ८.८.८.८, स्वल्पविराम, १.१.१.१ लिहिलं. एक गूगलचा, एक क्लाउडफ्लेअरचा, म्हणजे एक अडला तर दुसरा. कनेक्शन तोडून पुन्हा जोडलं. पावणेचार वाजले होते. पान उघडलं.

त्यानंतर तीन किरकोळ पण गरजेच्या गोष्टी केल्या. मिंटनं आपणहून बनवलेलं साधं वायरचं कनेक्शन आपोआप लागू नये अशी खूण केली, नाहीतर सुरू होताना ते पोर्ट धरून बसतं आणि पाऊण मिनिट वाया घालवतं. पीपीपीओईच्या कनेक्शनला आपोआप लागायची खूण केली. आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत शिरणारं अडवणारी सोय, चालू केली. मिंटमध्ये ती असते पण मुळात बंद असते. घरात राउटर असेल तर तो काही प्रमाणात आडोसा देतो. माझं मशीन स्वतःच डायल करतं, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला थेट तोंड देतं, तेव्हा हे सोडून चालणार नाही.

ज्यांच्याकडे डायलर राउटरमध्ये आहे त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. त्यांना वेगळं एक दुखणं भेटू शकतं: काही पानं उघडतात, काही अर्धवट लटकतात. पीपीपीओईच्या वेष्टणाला ८ बाइट लागतात, त्यामुळे १५०० च्या जागी १४९२ चंच पाकीट जातं, आणि राउटरमध्ये हा एमटीयूचा आकडा चुकीचा असेल तर मोठी पाकिटं वाटेत हरवतात. माझ्याकडे मिंटनं तो आकडा आपणहून बरोबर घेतला होता.

राहिलेली दोन प्रकरणं संध्याकाळी वाचून झाली. रात्री अकराला प्रूफ पुण्याला गेलं. त्याआधी वहीचं एक पान भरलं: यूजरनेम, पासवर्ड, डीएनएसचे दोन आकडे, कार्डाचं नाव, मॅक अ‍ॅड्रेस, केबलवाल्यांचा नंबर. त्या पानाचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, डब्याच्या बरोबर खाली.

पुढच्या आठवड्यात तो केबलवाला मुलगा गल्लीत आला होता, वर खांबावर काम करत होता. खाली उतरल्यावर दारातून डोकावून म्हणाला, "ताई, ते लिनक्स चाललं का मग? आमच्या दोन-तीन कस्टमरची मशीनं बी तसलीच हायत, जुनी. ते विचारालेत."

आत बोलावलं, पडदा दाखवला, कपाटाचं दार उघडून कागदही दाखवला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढायला घेतला, तेव्हा पासवर्डावर हात ठेवला आणि विचारलं, "त्यांचं डायलर कुठं आहे, कॉम्प्युटरवर की राउटरवर?"

त्याला आठवेना. "बघून सांगतो," म्हणाला.